कै. लक्ष्मीबाई टिळक : उणिवांची कबुली

थोर माणसांचीं चरित्रें आपण वाचतों तीं बहुधा त्यांच्या गुणांकरितां. परंतु कांहीं चरित्रें अशीं असतात कीं, त्यांत दोषांची कबुली हाच सर्वांत मोठा गुण ठरतो. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राच्या लेखिका कै. लक्ष्मीबाई टिळक यांचें चरित्र या जातीचें आहे, म्हणून तें आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजीं नाशिकजवळील जलालपूर या खेड्यांत गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. घरांत सर्व तिला मनू म्हणत. वडिलांस सोंवळ्याओंवळ्याचें विलक्षण वेड होतें. बाहेरून आलेली वस्तु धुवून घेतल्यावांचून त्यांच्या घरांत यावयाची नाहीं. अशा घरांत वाढलेल्या मुलीच्या मनांत स्पर्शास्पर्शाची धास्ती बालपणींच मुरली, यांत नवल नाहीं. शाळेचें तोंड तिनें पाहिलें नाहीं. १८८० च्या सुमारास नारायण वामन टिळक या तरुणाशीं तिचा विवाह झाला आणि मनूची लक्ष्मी झाली.

टिळकांची कवि म्हणून थोरवी आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं. फुलांचे आणि मुलांचे कवि म्हणून महाराष्ट्र त्यांस ओळखतो. परंतु कवीचा संसार करणें निराळें. टिळकांचे वडील अत्यंत कोपिष्ट होते व तो वारसा पुत्राकडे पुरेपूर आला होता. हातीं पैसा आला तर तो पहिल्या गरजवंताच्या हातीं पडावयाचा. वाणसामान आणावयास गेलेले टिळक मनास भावलेली भलतीच वस्तु घेऊन परतावयाचे, आणि घरीं चूल वाट पाहत राहावयाची. एका गांवीं व एका नोकरींत त्यांचें मन फार काळ रमत नसे. पत्नीस न सांगतां निघून जाण्यासहि त्यांस कांहीं वाटत नसे. राग ओसरला म्हणजे मात्र ते मेणासारखे मऊ होत.

लक्ष्मीबाईहि निर्दोष नव्हत्या. त्या भित्र्या होत्या, सोंवळ्यांत कडक होत्या, आणि प्रत्युत्तर देण्यांत पतीस हार जाणाऱ्या नव्हत्या. पतीनें शिकविलें तेवढेंच त्यांचें शिक्षण. जोडाक्षरें तर त्यांच्याशीं जन्मभर फटकून वागलीं. अशीं दोन माणसें एका छपराखालीं आलीं, तेव्हां भांडणें व्हावयाचींच. आणि तीं झालीं.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई त्या वेळीं माहेरच्या माणसांत होत्या. पदरीं १८९१ सालीं जन्मलेला दत्तू. ही बातमी ऐकून त्यांच्यावर आकाश कोसळलें. पुढें त्या बहिणीच्या आधारानें पंढरपुरास राहिल्या. पतिपत्नींचीं सुमारें चार-पांच वर्षें वियोगांत गेलीं. टिळक म्हणूं शकत होते कीं, मीं सत्य म्हणून जें मानलें तें स्वीकारलें. लक्ष्मीबाई म्हणूं शकत होत्या कीं, माझा संसार मला न विचारतां मोडला. दोघांच्याहि म्हणण्यांत अर्थ होता, आणि म्हणूनच तो तंटा कोणा पंचांस सुटण्यासारखा नव्हता.

तो सुटला तो दोघांनींहि थोडें थोडें वांकून. लक्ष्मीबाई मुलासह पतीकडे अहमदनगरास आल्या, पण धर्म न सोडतां. वेगळी चूल, वेगळें पाणी. टिळकांसारख्या उतावळ्या पुरुषानें येथें आपल्या स्वभावास आवर घातला. पत्नीच्या सोंवळ्यास त्यांनीं बळानें हात लावला नाहीं. आपल्या घाईनें एकदां घर मोडलें आहे, ही जाणीव त्यांच्या या संयमाच्या मुळाशीं असावी असें आम्हांस वाटतें.

इकडे लक्ष्मीबाईंनींहि स्वतःचें मन तपासावयास आरंभ केला. राहुरीस असतां, जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांच्या मनांत घोळूं लागला. आणि आपण ज्यास धर्म म्हणून कवटाळीत आहों तें माणसांनीं घातलेलें कुंपण आहे, असें त्यांस कळून आलें. एकदां कळल्यावर त्यांनीं तें लपविलें नाहीं. कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या निश्चयानें बाप्तिस्मा घेतला. इतकीं वर्षें ज्या गोष्टीसाठीं आपण रडलों व आप्तांस रडविलें, ती आपली भीति होती, असें मान्य करण्यास किती धैर्य लागलें असेल!

यापुढें घरांत सर्व गोड झालें असें आम्ही लिहिलें तर तें खोटें होईल. टिळक अखेरपर्यंत तापट व उधळेच राहिले. स्वतःची ओढाताण असतांना त्यांनीं अनाथ मुलें घरीं आणिलीं, आणि त्यांच्या पोटाची काळजी लक्ष्मीबाईंनीं वाहिली. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतनहि सोडलें व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. बदललें तें इतकेंच कीं, आपल्या जोडीदाराकडून काय मिळेल व काय मिळणार नाहीं, हें दोघांस ठाऊक झालें होतें. आणि आपल्या स्वतःमध्यें काय उणें आहे, हेंहि.

पतीच्या मागें त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें आणि ६४ अध्याय रचिले. शेवट पुत्र देवदत्त यांनीं केला. ‘स्मृतिचित्रें’ प्रथम ‘संजीवनी’ साप्ताहिकांतून निघालीं व १९३४ पासून पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्या ग्रंथांत पतीचे दोष झांकलेले नाहींत. परंतु बाईंनीं स्वतःची फजिती त्याहून मोकळेपणानें सांगितली आहे. म्हणून तेथें तक्रार असूनहि कडवटपणा नाहीं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या परलोकवासी झाल्या.

विद्यार्थिमित्रहो, माझा स्वभावच असा आहे, असें म्हणून मोकळें होणें ही कबुली नव्हे. ती पळवाट होय. टिळकांच्या उधळेपणाची झळ घरच्या माणसांस लागली, हें आपण विसरूं नये. आपली उणीव नांव घेऊन सांगावी, तिचा भार दुसऱ्यावर पडतो हें मानावें, आणि सुटेल तितकी ती सोडावी. ही खरी कबुली. आई ओरडली, भाऊ रुसला, म्हणजे त्यांच्या चुका आपल्या जिभेवर चटकन येतात. त्या वेळीं आपलीहि एक चूक आधीं सांगून पाहावी. टिळकांच्या घरीं मोडलेला संसार पुन्हां उभा राहिला. आपल्या घरचा एखादा रुसवा तरी त्यानें खास निघेल.