फ्रेड आर्चर : सेंट लेजरचा स्वार

इंग्लंडमधील डॉन्कास्टर येथे १७७६ मध्ये सुरू झालेली सेंट लेजर ही तीन वर्षे वयाच्या घोड्यांची, सुमारे २.९ किलोमीटर अंतराची अडथळाविरहित शर्यत होय. वेगाइतकीच दमाची कसोटी पाहणारी ही शर्यत फ्रेड आर्चर याने सहा वेळा जिंकली.

१८५७ मध्ये चेल्टनहॅम येथे जन्मलेला आर्चर वयाच्या अकराव्या वर्षी न्यूमार्केटला मॅथ्यू डॉसन यांच्याकडे उमेदवारीस राहिला. १८७४ पासून सलग तेरा हंगाम तो सर्वाधिक विजय मिळवणारा जॉकी ठरला. घोड्यावरील वजन नियमाने ठरलेले असे. आर्चर मात्र जॉकीच्या मानाने उंच होता. म्हणून तो उपासमार करी, जुलाबाची औषधे घेई. १८८४ मध्ये प्रसूतीनंतर त्याची पत्नी निवर्तली. सप्टेंबर १८८६ मध्ये ऑर्मंड या घोड्यावर त्याने अखेरची सेंट लेजर जिंकली. नोव्हेंबरमध्ये, तापाने ग्रासलेला असताना, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी त्याने आपले जीवन संपवले.

वजनाचे नियम शर्यत न्याय्य व्हावी म्हणून होते; त्यांची किंमत आर्चरच्या देहाने चुकवली. त्याच्या २,७४८ विजयांचे मूल्यमापन करताना आपण हे ध्यानात ठेवावे.