तीस दिवसांची मुदत

खेळात हरणे कोणालाच आवडत नाही. पण जो स्पर्धेत उतरायलाच पात्र नव्हता, त्याच्याकडून हरणे अधिक झोंबते. अशा वेळी काय करावे? तक्रार केली तर लोक रडका म्हणतात. गप्प बसलो तर नियम पाळणाऱ्यांवर अन्याय होतो. ऑलिंपिकपासून गोल्फ क्लबातल्या हौशी स्पर्धेपर्यंत आणि तिथून आपल्या तालुक्याच्या कबड्डीपर्यंत हा पेच सगळीकडे सारखाच आहे. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले. हा पेच समोर आला की मला हटकून एका माणसाचे आयुष्य आठवत असे. त्याचे नाव जिम थॉर्प.

थॉर्पचा जन्म १८८७ च्या सुमारास, आज ओक्लाहोमा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, सॅक अँड फॉक्स या आदिवासी जमातीत झाला. त्याच्या मूळ नावाचा अर्थ उजळलेली वाट असा सांगतात. पण ही वाट सुरुवातीपासून खडतर होती. त्याचा जुळा भाऊ चार्ली नऊ-दहा वर्षांचा असतानाच गेला. पुढे आई गेली आणि मग वडीलही. पोरका झालेला हा मुलगा पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या सरकारी शाळेत येऊन पडला. आदिवासी मुलांना गोऱ्यांच्या साच्यात घालण्यासाठी १८७९ साली ही शाळा काढली होती. तिथे मुलांचे लांब केस कापत, मातृभाषा बोलायला बंदी असे आणि सुट्टीत गोऱ्या कुटुंबांकडे कामाला पाठवत.

याच शाळेत पॉप वॉर्नर नावाचे प्रशिक्षक होते. उंच उडीचा सराव चालला असताना थॉर्पने कामाच्या कपड्यांतच सर्वांपेक्षा उंच उडी मारली आणि वॉर्नर यांची नजर त्याच्यावर गेली, अशी हकीकत सांगतात. पुढे तो धावला, उड्या मारू लागला आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये तर त्याने कमाल केली. १९११ साली बलाढ्य हार्वर्ड विद्यापीठाला कार्लाइलच्या या मुलांनी १८-१५ असे हरवले. त्यात थॉर्पचा वाटा सिंहाचा होता.

मात्र त्याआधी, १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली होती. थॉर्प तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातील रॉकी माउंट या गावच्या संघाकडून बेसबॉल खेळला होता. मोबदला होता सामन्यामागे एक-दोन डॉलर, म्हणजे जेवणाखाण्याचा खर्च निघेल एवढाच. महाविद्यालयांतील कितीतरी मुले तेव्हा उन्हाळ्यात असेच खेळत. फरक इतकाच, की ती शहाणी मुले खोट्या नावाने खेळत. थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळला. लपवण्यासारखे काही आपण करतो आहोत, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

१९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमला ऑलिंपिक भरले. थॉर्प दोन स्पर्धांत उतरला. पाच प्रकारांच्या पेंटॅथलॉनमध्ये लांब उडी, २०० मीटर, थाळीफेक आणि १५०० मीटर हे चार प्रकार त्याने जिंकले. भालाफेकीत तेवढा तो मागे राहिला. मग तीन दिवस चाललेल्या दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये त्याने स्वीडनच्या ह्युगो विस्लांडरला सुमारे ७०० गुणांनी मागे टाकले. अखेरचे १५०० मीटरचे अंतर तो ४ मिनिटे ४०.१ सेकंदांत धावला. स्वीडनचे राजे गुस्ताव्ह पाचवे यांनी स्वतः त्याचा गौरव केला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याची मिरवणूक निघाली. ज्या देशाने त्याच्या सर्व बांधवांना नागरिकत्व दिले ते १९२४ मध्ये, त्याच देशाने त्याला डोक्यावर घेतले.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहराच्या एका दैनिकात बातमी आली, की थॉर्पने पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला आहे. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. एका खेळात पै घेतली तरी माणूस सर्वच खेळांत व्यावसायिक ठरे. अमेरिकेतील हौशी खेळांच्या संघटनेचे सचिव जेम्स सलिव्हन यांच्याकडे थॉर्पच्या नावाने एक पत्र गेले. त्यात त्याने सारे कबूल केले होते. आपण साधे आदिवासी शाळकरी पोर होतो, हा व्यवहार आपल्याला कळत नव्हता, असा त्या पत्राचा आशय होता. संघटनेने दया दाखवली नाही. त्याचे हौशीपण रद्द झाले, विक्रम पुसले गेले आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पदके परत घेतली. पेंटॅथलॉनचे सुवर्ण नॉर्वेच्या फर्डिनांड बी याच्या नावावर गेले आणि डेकॅथलॉनचे विस्लांडरच्या.

आता वाचक म्हणतील, नियम तो नियम. थॉर्पने पैसे घेतले होते, मग शिक्षेबद्दल तक्रार कसली? मलाही नियमाचा आदर आहे. म्हणूनच नियमाचे दुसरे कलम सांगायला हवे. १९१२ च्या स्पर्धांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिले होते, की एखाद्या स्पर्धकाच्या पात्रतेवरील हरकत स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांच्या आत घेतली पाहिजे. स्पर्धा संपल्या जुलैमध्ये, बातमी आली जानेवारीत. म्हणजे मुदत टळून पाच महिने झाले होते. थॉर्पने एक नियम मोडला, आणि त्याला शिक्षा देणाऱ्यांनी दुसरा. पण शिक्षा झाली ती एकालाच.

ज्यांना खरोखर आधी बोलता आले असते, ते का बोलले नाहीत? थॉर्प दोन उन्हाळे शाळेपासून दूर काय करत होता, हे वॉर्नर यांना ठाऊक नसेल, ही गोष्ट त्याच्या बहुतेक चरित्रकारांना पटत नाही. संघाला त्याच्या पायांची गरज होती तोवर कोणी चौकशी केली नाही. गवगवा झाला तेव्हा मात्र सर्वांनी हात झटकले आणि सगळा भार त्या पंचविशीतल्या पोरावर पडला. माझ्या मते या कहाणीतली खरी अपात्रता इथे आहे.

याउलट तक्रार करण्याचा पहिला हक्क ज्यांचा होता, ते प्रतिस्पर्धी पाहा. विस्लांडर मैदानात हरला होता. कागदावर मिळालेल्या विजयाने तो खूश व्हायला हवा होता. पण डेकॅथलॉनचा खरा विजेता थॉर्पच, हे त्याचे मत अखेरपर्यंत कायम होते. त्याच्या वारसांनीही तेच सांगितले. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाचीही बी याच्या पदकाबद्दल तीच भूमिका होती. थॉर्पच्याच संघातून त्या दोन्ही स्पर्धांत उतरलेला आणखी एक खेळाडू होता, एव्हरी ब्रंडेज. हेच ब्रंडेज पुढे १९५२ पासून १९७२ पर्यंत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते, आणि हौशीपणाच्या बाबतीत इतके कडवे, की थॉर्पला न्याय देण्यास ते कधीच राजी झाले नाहीत.

तो काळच असा होता. गोल्फचेच उदाहरण घ्या. फ्रान्सिस वीमे हा पूर्वी खेळाडूंच्या काठ्या वाहणारा मुलगा. १९१३ साली विसाव्या वर्षी त्याने ब्रुकलाइनच्या मैदानावर हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्रज दिग्गजांना हरवून अमेरिकन ओपन जिंकली. तीनच वर्षांनी, म्हणजे १९१६ मध्ये, त्याचे हौशीपण काढून घेण्यात आले. कारण काय, तर त्याने खेळाच्या साहित्याचे दुकान काढले होते! १९१८ मध्ये त्याला ते परत मिळाले. हौशीपणाचे हे सोवळे ज्याच्या घरी सुबत्ता त्यालाच परवडणारे होते. ज्याला पोटासाठी काही करावे लागे, तो विटाळला.

म्हणून अपात्र खेळाडूबद्दल बोलूच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. चौदा वर्षांखालील कबड्डीत मिसरूड फुटलेला चढाईपटू उतरवला जातो, तेव्हा समोरच्या संघातल्या बारा वर्षांच्या मुलाच्या बरगड्यांचा प्रश्न असतो. तिथे गप्प बसणे हा मोठेपणा नव्हे. माझ्याकडे पालक सल्ला विचारायला येत, तेव्हा मी तीन गोष्टी सांगत असे. हरकत घ्यायची तर सामन्याआधी किंवा नियमाने दिलेल्या मुदतीत घ्या, हरल्यावर आठवण झाली म्हणून नको. पंचांकडे किंवा समितीकडे लेखी द्या, चहाच्या टपरीवर कुजबुज नको. आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आपल्या संघातही तसा कोणी आहे का, हे आधी तपासा. तिसरी गोष्ट ऐकल्यावर निम्मे पालक परत फिरत. उरलेल्यांची तक्रार खरी असे आणि तिची दखल घ्यावीच लागे. मुलाला शिक्षा करण्याआधी त्याला मैदानात कोणी उतरवले, हेही मी विचारायला लावत असे. दाखला चौदा वर्षांच्या पोराने लिहिलेला नसतो.

थॉर्पचे पुढे काय झाले? व्यावसायिक ठरलाच होता, तेव्हा १९१३ ते १९१९ तो मोठ्या साखळीत बेसबॉल खेळला. व्यावसायिक फुटबॉलही खेळला आणि १९२० मध्ये आजच्या एनएफएल या संघटनेच्या पूर्वरूपाचा पहिला अध्यक्ष झाला. पण अंगातली रग ओसरली आणि दिवस फिरले. मंदीच्या काळात त्याने खड्डे खणण्याची मजुरी केली, चित्रपटांत किरकोळ कामे केली. दारूनेही त्याला घेरले. १९५० मध्ये अमेरिकेतील क्रीडापत्रकारांनी अर्ध्या शतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याची निवड केली, तेव्हाही पदके परत आली नव्हती. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात तो वारला.

त्याच्या मुलांनी आणि चाहत्यांनी लढा सोडला नाही. संशोधकांनी जुनी नियमावली शोधून काढली आणि त्यातली तीस दिवसांची ओळ जगासमोर ठेवली. १९८२ मध्ये ऑलिंपिक समिती नमली. पुढच्या वर्षी त्याच्या मुलांच्या हाती पदकांच्या प्रतिकृती देण्यात आल्या. पण तेव्हाही थॉर्पचे नाव सहविजेता म्हणूनच लागले. १५ जुलै २०२२ रोजी, स्टॉकहोमच्या त्या डेकॅथलॉनला ११० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, समितीने त्याला दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता घोषित केले.

थॉर्पवर बोट दाखवायला तीस दिवसही लागले नसते. चूक दुरुस्त करायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तो निकाल ऐकायला तो नव्हता. तक्रारीचा अर्ज हाती घेणाऱ्या प्रत्येकाने एवढा हिशेब मनाशी मांडावा.