क्रांतिसिंह नाना पाटील : तलाठी ते प्रतिसरकार

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या क्रांतिसिंह नाना पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी बहे-बोरगाव येथे झाला. त्यांचे गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. आता सांगली जिल्ह्यात असलेला हा मुलूख त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. वारणा ओलांडली की आपल्या कोल्हापूर संस्थानची हद्द लागे.

घर शेतकऱ्याचे. मराठी शिक्षण पुरे करून नाना तलाठी झाले. तलाठी म्हणजे गावात सरकारचा माणूस. शेतसारा वसूल करणे, पिकांची व जमिनीची नोंद ठेवणे हे त्याचे काम. कोणाचे रान सावकाराकडे गेले, कोणाच्या दारी जप्ती येणार, हे त्याच्या दप्तरात आधी दिसते. नानांच्या मनावर सत्यशोधक विचारांचा संस्कार होता. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू होताच त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. शेतकऱ्याच्या मुलाला मिळालेली सरकारी नोकरी सोडणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढे तुरुंगवास वारंवार घडला. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, घरदार व जमीन जप्त केली. घरच्या माणसांचे हाल झाले. तरीही त्यांच्या कन्या हौसाताई स्वतः चळवळीत उतरल्या.

१९४३ साली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. नानांबरोबर जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर असे अनेक सहकारी होते. न्यायदान मंडळे गावातले तंटे गावातच मिटवीत. तुफान सेनेचे जवान बंदोबस्त ठेवीत. दरोडेखोर, दारूचे गुत्ते व नाडणारे सावकार यांना जरब बसली. शिक्षा कठोर असत. त्यावरूनच लोकांत पत्री सरकार हे नाव रूढ झाले, आणि त्या शिक्षांबद्दल मतभेदही झाले. कोल्हापूर संस्थानातही अनेक भूमिगतांना आसरा मिळाला.

या काळातील लोकोपयोगी काम म्हणजे गांधी विवाह. हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत. लग्नासाठी रान गहाण टाकण्याची पाळी टळली. एका माजी तलाठ्याला याचे मोल अधिक कळले असणार.

१९४६ साली नाना उघडपणे लोकांपुढे आले. स्वातंत्र्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षात व पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ साली डहाणू येथील अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी ते लढले. १९५७ साली साताऱ्यातून व १९६७ साली बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. खेड्यातील बायाबापड्यांना समजेल अशी त्यांची भाषा होती, आणि सभेला माणसे पायी चालत येत.

६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार वाळवा येथे झाले.

मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी गाव एकत्र येते, लहानथोर आपापल्या ऐपतीने वर्गणी देतात. अशी एकी असली तर तंटे कोर्टाविना मिटतात आणि लग्ने कर्जाविना होतात, हे नानांनी करून दाखविले. कळस चढल्यावरही ही एकी टिकावी, हीच त्यांना खरी आदरांजली.