दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स

१९०७ सालच्या उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या परीक्षकांनी एक मोटार संपूर्ण सुटी केली. लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान फेऱ्या मारत ती तब्बल १५ हजार मैल धावली होती. हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी एकदा आपोआप बंद झाली, तेवढाच काय तो खोळंबा. त्यानंतरचे १४,३७१ मैल तिने यंत्रात बिघाड न होता पार केले. आता तिचा प्रत्येक भाग मोजून, झीज तपासून गाडी पुन्हा नव्यासारखी करायला किती खर्च येईल, हे ठरवायचे होते. सुकाणूच्या जोडातील काही भाग, मॅग्नेटोचा सांधा, पंख्याचा पट्टा अशा किरकोळ वस्तूंची यादी झाली. एकूण किंमत झाली दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. टायर आणि पेट्रोलचा खर्च अर्थातच यात नव्हता.

ही मोटार म्हणजे रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’. नुसत्या सांगाड्यासाठी ९८५ पौंड मोजायला लावणाऱ्या गाडीच्या दुरुस्तीचा आकडा इतका क्षुल्लक कसा, याचे उत्तर ती घडवणाऱ्या हेन्री रॉइस यांच्या आयुष्यात सापडते. कारागिराच्या एका तासाचे मोल काय असते, हे त्यांना फार लहानपणी कळले होते.

इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या ऑल्वॉल्टन गावी २७ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांची पिठाची गिरणी बुडाली, कुटुंब लंडनला आले आणि हेन्री नऊ वर्षांचे असताना वडील वारले. वर्तमानपत्रे विकणे, तारा पोचवणे अशी कामे त्यांनी केली. शाळा जेमतेम वर्ष-दीड वर्ष. १८७८ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या पीटरबरो येथील कारखान्यात त्यांना उमेदवारी मिळाली. त्यासाठी वर्षाला २० पौंड भरावे लागत. ते आत्याने भरले. तीन वर्षांनी तिचे पैसे संपले आणि उमेदवारीही अर्धवट राहिली. पुढे लीड्सला हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना आठवड्याच्या ५४ तासांसाठी ११ शिलिंग मिळू लागले. म्हणजे सिल्व्हर घोस्टचे ते बिल या मुलाच्या चार आठवड्यांच्या मजुरीएवढे होते.

१८८४ मध्ये त्यांनी अर्नेस्ट क्लेअरमाँट यांच्यासह मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर विजेच्या सामानाचा छोटा कारखाना काढला. भांडवल दोघांचे मिळून ७० पौंड. घरगुती घंटा, डायनॅमो आणि पुढे विजेवर चालणाऱ्या याऱ्या यांना चांगली मागणी आली. पण शतक संपता संपता परदेशी बनावटीच्या स्वस्त याऱ्या बाजारात उतरल्या. रॉइस यांनी किंमत उतरवण्यासाठी माल हलका केला नाही. प्रकृती मात्र ढासळली. याच सुमारास त्यांनी एक आयात केलेली मोटार सेकंडहँड घेतली. फ्रान्सची दोन सिलिंडरची डेकोव्हिल.

ही गाडी स्टेशनवर सुरूच झाली नाही आणि माणसांकरवी ढकलत कुक स्ट्रीटला आणावी लागली, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, रॉइस यांनी ती सुटी केली हे निश्चित. इतर मोटारींच्या मानाने डेकोव्हिल वाईट नव्हती, हे आवर्जून सांगायला हवे. पण आवाज, कंप, बेभरवशाची ठिणगी या गोष्टी त्यांना खुपल्या. त्या काळी परदेशी गाडी बिघडली की तिचा सुटा भाग मागवायचा, नाहीतर जवळच्या लोहाराकडून नवा घडवून घ्यायचा, अशी रीत होती. रॉइस यांना तो भाग मुळात का बिघडला, यातच रस होता. दुरुस्ती करता करता त्यांनी स्वतःची तीन वाहने बांधायला घेतली आणि त्यातले पहिले १ एप्रिल १९०४ रोजी रस्त्यावर आले.

महिनाभरात, ४ मे रोजी, मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्यांची चार्ल्स रोल्स यांच्याशी गाठ पडली. उमराव घराण्यातले रोल्स लंडनमध्ये पानहार्डसारख्या परदेशी मोटारी आणून विकत. इंग्लंडमध्ये तशा तोडीची गाडी होत नाही, याची त्यांना खंत होती. रॉइस यांची गाडी चालवून पाहताच त्यांचे मत बदलले. १९०६ मध्ये कंपनी स्थापन झाली.

सांगाड्याचे पोलादी भाग रिव्हेट ठोकून जोडण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. रॉइस यांनी निमुळते बोल्ट वापरले. त्यासाठी प्रत्येक छिद्र हाताने रीमर फिरवून बोल्टच्या मापाचे करावे लागे. अशी शेकडो छोटी, वेळखाऊ कामे त्या ९८५ पौंडांत मुरलेली होती. दुरुस्तीचे मोल गिऱ्हाइकाने गाडी घेतानाच चुकते केलेले असे. शिवाय ते प्रसिद्ध बिल केवळ सुट्या भागांचे होते. गाडी उघडून झीज ओळखणाऱ्या आणि ती पुन्हा जुळवणाऱ्या हातांची मजुरी त्यात कुठेच नाही. जाहिरातीत हा भेद कुणी ठळकपणे मांडला नाही, यात नवल ते काय!

आपल्याकडे हे लवकरच कळले. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची याच प्रकारची गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढत ६२० मैल धावली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. पण आयात गाडी संस्थानात अडली की पंख्याचा पट्टा काही पेन्सांचा असला तरी तो आगबोटीने यायला कित्येक आठवडे लागणार, आणि तो बसवणारा जाणकार माणूस त्याहून दुर्मीळ. मालकांच्या चालकांना शिकवण्यासाठी कंपनीला डर्बीत स्वतंत्र शाळा चालवावी लागली. आज त्या काळातली गाडी बाळगणाऱ्याला तर तयार भाग फारसे मिळत नाहीत. जुन्या भागावरून माप घेऊन नवा घडवावा लागतो. त्यातले पोलाद स्वस्तच असते, बिल वाढते ते तासांचे.

१९१० मध्ये विमान अपघातात रोल्स गेले. पुढच्याच वर्षी रॉइस गंभीर आजारी पडले आणि शस्त्रक्रियेनंतर डर्बीपासून दूरच राहिले. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्स, उन्हाळ्यात इंग्लंडचा किनारा. कारखान्यातून नकाशे आणि तुटलेले भाग त्यांच्याकडे जात, दुरुस्त्या टपालाने परत येत. १९१९ मध्ये अटलांटिक विनाथांबा ओलांडणाऱ्या पहिल्या विमानाची ईगल इंजिने त्यांचीच. १९३० मध्ये ‘सर’ झाले, तरी स्वतःला ते मेकॅनिकच म्हणवून घेत.

२२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंगच्या घरी त्यांचे निधन झाले. आदल्या रात्री अंथरुणात त्यांनी कमी-जास्त करता येणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरचे रेखाटन केले आणि ते डर्बीला धाडायला सांगितले, असे म्हणतात. त्यांच्या अस्थी आधी कारखान्यात ठेवल्या होत्या. नंतर त्या ऑल्वॉल्टनच्या चर्चमध्ये नेण्यात आल्या. सिल्व्हर घोस्ट १९०८ मध्येच विकली गेली होती. कंपनीने ती परत मिळवली १९४८ मध्ये, ४० वर्षे रस्त्यावर धावून झाल्यावर.