गळा गेला, गाणे उरले : कोल्हापूर दरबारचे उस्ताद अल्लादियाखाँ

ऐन उमेदीत ज्याचा गळा कायमचा बिघडला, अशा गवयाने पुढे अर्धशतकभर महाराष्ट्रातील जाणकार श्रोत्यांच्या काळजाला हात घातला, ही गोष्ट ऐकताना दंतकथेसारखी वाटते. मात्र ती घडलेली आहे आणि तिचा मोठा भाग करवीरनगरीत घडलेला आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांचे हे चरित्र. गाणे ऐकताना माणसाचे डोळे का पाणावतात, या जुन्या प्रश्नाचे फार वेगळे उत्तर त्यात दडलेले आहे.

खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उनियारा या छोट्या संस्थानात झाला. मूळ नाव गुलाम अहमद. घराणे अत्रौलीचे, पिढीजात धृपदियांचे. आपले पूर्वज शांडिल्य गोत्री ब्राह्मण होते आणि कुळाचा मूळ पुरुष नाथ विश्वंभर, असे या घराण्यात परंपरेने सांगितले जाते. वडील अहमदखाँ लवकर गेले. पुढची तालीम काका जहांगीरखाँ यांच्याकडे झाली. आधी अनेक वर्षे धृपद-धमार आणि मग ख्याल. या क्रमाला महत्त्व आहे. स्वर लावायचा तो भरदार आणि सरळ, शब्द उच्चारायचा तो लयीला धरून, ही धृपदाची शिस्त त्यांच्या ख्यालातून पुढे कधीच गेली नाही. जयपूरच्या वास्तव्यात मुबारक अलीखाँ यांची पेचदार तान त्यांच्या कानावर पडली आणि ती मनात घर करून बसली.

आमलेटा नावाच्या संस्थानात ते नोकरीस असताना तो प्रसंग ओढवला. तेथील अधिपती गाण्याचे अतोनात शौकीन. रात्रीमागून रात्री, विश्रांतीशिवाय गावे लागे. एक दिवस गळ्याने साथ सोडली. गवयाच्या आयुष्यात याहून मोठे संकट नाही. पैलवानाचा खांदा निखळावा तसेच ते. दीर्घ काळ गाणे बंद राहिले. नंतर आवाज परत आला खरा, पण पूर्वीची गोलाई आणि मृदुता गेली ती गेलीच. जो आला तो काहीसा जाड, खरखरीत होता.

येथे दोन वाटा होत्या. जुन्या गाण्याची फिकी आवृत्ती गात उरलेले आयुष्य काढणे ही एक. खाँसाहेबांनी दुसरी निवडली. उरलेल्या गळ्यात जे बसेल, नव्हे जे त्याच गळ्यात शोभेल, असे गाणे त्यांनी नव्याने रचले. नुसत्या स्वराच्या गोडव्याने श्रोता जिंकता येणार नव्हता, तेव्हा भार पडला तो रागाच्या बांधणीवर, लयीच्या गुंफणीवर आणि दमसासावर. आज जयपूर गायकी म्हणून जी ओळखली जाते, तिचा उगम घराण्यातील मंडळी या आपत्तीत सांगतात. काही अभ्यासक मुबारक अलींच्या प्रभावाला अधिक श्रेय देतात. दोन्ही कारणे एकमेकांना छेद देत नाहीत, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते.

१८९४ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या गादीची सूत्रे हाती घेतली आणि त्यानंतर लवकरच खाँसाहेब दरबारी गायक म्हणून येथे स्थिरावले. वय चाळिशीचे. पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी या गावात काढली. कुस्तीला राजाश्रय देणाऱ्या महाराजांनी गाण्यालाही तितक्याच मोकळ्या हाताने आश्रय दिला. दरबारची नोकरी म्हटली की रोज हजेरी, रोज गाणे अशी कल्पना होते. आमलेट्यात तीच जिवावर बेतली होती. कोल्हापुरात मात्र खाँसाहेबांना गाण्याइतकीच चिंतनालाही सवड मिळाली. अनवट आणि जोड रागांचा जो खजिना या घराण्याच्या नावावर आहे, त्यातील बराचसा याच काळात घडला वा उजळून निघाला असे मानले जाते. नट-कामोद, बसंती केदार, संपूर्ण मालकंस, खोकर, सावनी ही नावे आज मैफलीत उच्चारली की श्रोत्यांना आधी कोल्हापूर आठवते.

याच नगरीत अंबाबाईचे मंदिर आहे आणि खाँसाहेबांचे पुत्र भूर्जीखाँ यांनी देवीसमोर गायनसेवा केली. घरी नमाज आणि देवळात भैरव, यात त्या पिढीला विसंगती दिसली नाही. या घराण्याच्या अनेक बंदिशी ब्रज भाषेतील, कृष्ण आणि शिव यांच्या वर्णनाच्या. त्या गाताना गायकाचा धर्म कोणी विचारल्याचे कुठे नमूद नाही. गावातील जुन्या गायन समाज देवल क्लबाने तर या घराण्याच्या गाण्याला हक्काची बैठक दिली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हृदयाला भिडणारे गाणे म्हटले की आपल्याकडे चटकन करुण, आर्त स्वर डोळ्यांसमोर येतो. त्या दृष्टीने खाँसाहेबांचा खरा प्रतिध्रुव कोल्हापुरापासून अवघ्या पन्नासेक किलोमीटरवर, मिरजेत राहत होता. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ. त्यांचा एक षड्ज लागला की सभा निःशब्द होई. तो परिणाम स्वराच्या सुरेलपणाचा आणि त्यातील व्याकुळतेचा. अल्लादियाखाँच्या गाण्यात ही व्याकुळता नव्हती. ते अवघड होते, बुद्धिप्रधान होते, पहिल्या ऐकण्यात पकडीत न येणारे होते. तरीही त्यांच्या मैफलीतून माणसे भारावून उठत. हे कशाने होत असे?

जयपूर गायकीचा श्रोता एका अखंड प्रवाहात ओढला जातो. आकारातील आलाप थांबत नाही, दोन वाक्यांमधली फट जाणवत नाही. श्वास कोठे घेतला हे कळू न देणे, ही या गायकीची कसोटीच आहे. ऐकणाऱ्याचा श्वासही नकळत त्याबरोबर रोखला जातो. त्यात तानेचे स्वर सरळ जिन्यासारखे चढत-उतरत नाहीत. एकातून दुसरे वळण निघते, गाठ बसते, सुटते, पुन्हा बसते. मात्रांच्या मधल्या जागांतून लय खेळत राहते. त्रितालाची सोळावी मात्रा जवळ येते, आता हे सगळे समेवर कसे येणार असा प्रश्न पडतो, आणि गायक कोणताही धक्का न देता, तिहाईचा गाजावाजा न करता, अलगद समेवर उतरतो. त्या क्षणी सभागृहातून जी दाद उमटते ती ठरवून दिलेली नसते. छातीत कोंडलेला श्वास बाहेर पडतो, तीच ती दाद.

पाश्चात्त्य संगीतविचारात लिओनार्ड मेयर या अभ्यासकाने १९५६ साली असाच सिद्धांत मांडला होता. संगीत मनात अपेक्षा जागवते, ती लांबवते, आणि या लांबवण्यातून भावना उपजते, असा त्याचा आशय. २०११ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी, अंगावर रोमांच उभे करणारे संगीत ऐकताना मेंदूत डोपामाइन हे द्रव्य स्रवते, असे दाखवून दिले. विशेष म्हणजे तो उत्कट क्षण येण्याआधीच, त्याच्या नुसत्या चाहुलीने, मेंदूच्या एका भागात ही क्रिया सुरू होते. समेची वाट पाहणाऱ्या कोल्हापूरच्या रसिकाला हे प्रयोगशाळेविना ठाऊक होते, इतकेच. अर्थात प्रयोगाने सगळे उकलत नाही. अनवट रागाची गंमत आणखी निराळी. यमन किंवा भैरवी कानावर पडताच ऐकणाऱ्याच्या मनात ठराविक भाव हजर होतो. सावनी किंवा खोकरच्या बाबतीत ही सोय नसते. त्या रागाला अजून कोणत्या आठवणी चिकटलेल्या नसतात. तो भाव तिथेच, त्याच बैठकीत, गायकाबरोबर शोधावा लागतो. कष्टाने सापडलेली वस्तू अधिक आपली वाटते, तसे काहीसे हे आहे.

हे गाणे केवळ मूठभर दर्दींचे राहिले, असेही नाही. खाँसाहेबांचे शिष्य भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे गुरू. १९१६ च्या संगीत स्वयंवर नाटकाच्या चाली बुवांच्या. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या मानापमानला चाली दिल्या. तेही खाँसाहेबांच्या निकट सहवासातले, पुढे त्यांचे चरित्र लिहिणारे. ज्यांनी कधी ख्यालाची मैफल ऐकली नाही, अशा मराठी घरांतही रागदारीचे संस्कार नाट्यपदांच्या वाटेने पोहोचले. त्या पदांना मिळणाऱ्या वन्समोअरमागे थोडा हिस्सा या दरबारी गवयाचाही होता.

१९१९ च्या सुमारास खाँसाहेब सांगलीला वैद्यकीय उपचारांसाठी राहिले होते. येता-जाता एका घरातून त्यांना तरुण मुलीचा रियाज ऐकू येई. ते थांबून ऐकत. एक दिवस आत जाऊन त्यांनी तिला गायला सांगितले आणि शिकवायला सुरुवात केली. समोर कोण बसले आहे याची त्या मुलीला कल्पनाही नव्हती. ती मोगूबाई कुर्डीकर. पुढे खाँसाहेब मुंबईला गेले, तेव्हा त्याही तिकडे गेल्या. पण तालीम सलग मिळाली नाही. मधल्या काळात खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदरखाँ यांच्याकडे त्या शिकल्या आणि बऱ्याच वर्षांनी उस्तादांचा गंडा बांधू शकल्या. गुरुकृपेलाही त्या काळी पैसा, मान आणि स्पर्धा यांचे कुंपण होते, हे या हकिकतीतून दिसते आणि ते झाकण्याचे कारण नाही.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि खाँसाहेबांनी मुंबईत बस्तान हलवले. त्याआधी वर्षभर, १९२१ पासून, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर त्यांच्याकडे शिकू लागल्या होत्या. ही तालीम उस्तादांच्या अखेरपर्यंत चालली. योगायोग असा की याच केसरबाईंनी बालपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीमखाँकडे धडे गिरवले होते. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत त्यांची भैरवी आहे. स्वतः खाँसाहेबांची मात्र एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांनी आपला आवाज यंत्रात बंदिस्त होऊच दिला नाही. त्यांचे गाणे कसे होते हे शिष्यांच्या गळ्यावरूनच ओळखायचे, आणि प्रत्येक शिष्याचा गळा निराळा.

उतारवयात त्यांच्या वाट्याला मोठे दुःख आले. थोरले पुत्र नसिरुद्दीन प्रकृतीमुळे मैफलीचे गवई होऊ शकले नव्हते. मधले बद्रुद्दीन ऊर्फ मंजीखाँ हे पित्याच्या गाण्यात स्वतःचा रंग भरणारे, लोकप्रिय गायक. घराण्याची शिस्त सांभाळून त्यांनी तीत भावगर्भता आणली, असे ज्यांनी त्यांना ऐकले ते सांगत. १९३७ मध्ये ते गेले. पिता तेव्हा ऐंशी ओलांडलेला होता. मंजीखाँचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर त्यानंतर भूर्जीखाँकडे शिकले आणि त्यांनी हे गाणे कर्नाटकात रुजवले.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, अल्लादियाखाँ यांचे देहावसान झाले. गाणे पुढे चालत राहिले, पण ते एकसारखे राहिले नाही. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी रागाचा भाव हाच गाण्याचा प्राण मानला आणि घराण्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकले. आजोबांच्या बांधेसूद गाण्यात भाव नव्हता की तो बांधणीतच होता, यावर जयपूरची मंडळी आजही एकमेकांशी भांडतात.

कोल्हापुरातील धागा भूर्जीखाँनी १९५० पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, सांभाळला. याच गावी १९२७ मध्ये जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकल्या, आणि नंतर केसरबाईंकडे. भूर्जीखाँचे पुत्र अझीझुद्दीनखाँ ऊर्फ बाबा यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली त्यांची जीवनकहाणी उतरवून घेतली होती. तिचे इंग्रजी भाषांतर २००० साली कोलकात्यातून प्रसिद्ध झाले.