खडकातले जग शोधणारी मेरी ॲनिंग

कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर राहणारे प्रचंड प्राणी आज कोठेही जिवंत दिसत नाहीत. तरीही त्यांचे आकार, त्यांचे दात, इतकेच नव्हे तर त्यांचे खाणेसुद्धा आपल्याला माहीत आहे. हे ज्ञान मिळवून देणाऱ्यांमध्ये इंग्लंडमधील एका गरीब सुताराची मुलगी होती. तिच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.

मुलांनो, समुद्रकिनाऱ्यावर गेल्यावर तुम्ही काय गोळा करता? शंख, शिंपले, रंगीत गोटे! ते तुम्ही घरी आणता, चार दिवस त्यांच्याशी खेळता आणि मग विसरून जाता. आता अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा, जिच्या घरची चूल किनाऱ्यावरच्या दगडांवर अवलंबून होती. दगड सापडला आणि विकला गेला तर त्या दिवशी भाकरी, नाही तर उपास. या मुलीचे नाव मेरी ॲनिंग.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रीजिस नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे २१ मे १७९९ रोजी मेरीचा जन्म झाला. तिचे वडील रिचर्ड ॲनिंग सुतारकाम करत. आईचे नाव मॉली. त्यांना बरीच मुले झाली. परंतु मेरी आणि तिचा मोठा भाऊ जोसेफ ही दोनच मुले जगली. मेरीवरही एकदा मोठे संकट आले होते. १८०० सालच्या ऑगस्ट महिन्यात शेजारची एक बाई तिला कडेवर घेऊन झाडाखाली उभी होती. एकाएकी वादळ आले आणि झाडावर वीज कोसळली. त्या बाईसह तीन स्त्रिया मरण पावल्या. सव्वा वर्षाची मेरी मात्र वाचली.

लाइम रीजिसजवळ समुद्राला लागून उंच कडे आहेत. हे कडे चुनखडी आणि चिकणमाती यांच्या थरांचे बनलेले आहेत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी या जागी समुद्र होता. त्यातील प्राणी मेले की तळाच्या गाळात रुतत. त्यांच्यावर गाळाचे थर साचत जात. हळूहळू गाळाचा खडक झाला आणि हाडांमध्ये खनिजे शिरून हाडेही दगडासारखी झाली. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. हिवाळ्यात तेथे मोठी वादळे होतात, लाटा कड्यांवर आदळतात, दरडी कोसळतात आणि आत दडलेले जीवाश्म उघडे पडतात.

गावातील लोकांना हे काही ठाऊक नव्हते. वेटोळ्याच्या आकाराचा दगड सापडला की ते त्याला सापाचा दगड म्हणत. लांबट, टोकदार दगडांना ते सैतानाची बोटे म्हणत. पण असे दगड विकत घेणारे लोक होते. त्या काळी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू होते. परदेशी जाता येत नसल्यामुळे श्रीमंत लोक हवापालटासाठी आपल्याच देशातील किनाऱ्यावर येत. रिचर्ड दुकानासमोर टेबल मांडून हे दगड त्यांना विकत. ते मुलांना कड्यांवर घेऊन जात आणि दगड कसा ओळखावा, कसा फोडावा, कसा साफ करावा हे शिकवत. मेरीची खरी शाळा हीच होती. चर्चच्या रविवारच्या शाळेत ती लिहायला-वाचायला शिकली. याहून अधिक शिक्षण तिला मिळाले नाही.

१८१० साली रिचर्ड यांचे निधन झाले. ते क्षयाने आजारी होते आणि कड्यावरून पडल्यामुळे अधिकच खचले होते. मागे कर्जाचा डोंगर राहिला. मेरी तेव्हा अकरा वर्षांची होती. कुटुंबाला गावच्या गरिबांसाठी असलेल्या मदतीवर दिवस काढावे लागले.

पुढच्याच वर्षी, १८११ मध्ये जोसेफला किनाऱ्यावर एक मोठी कवटी सापडली. ती सुमारे ४ फूट लांब होती. तिला लांब जबडा, ओळीने दात आणि बशीएवढे डोळे होते. सर्वांना वाटले, ही मगर असावी. जोसेफला कामावर जावे लागे. म्हणून बाकीचे शरीर शोधण्याचे काम मेरीने आपल्याकडे घेतले. तिने महिनोन् महिने वाट पाहिली. एका वादळानंतर दरड कोसळली आणि १८१२ मध्ये तिला उरलेला सांगाडा दिसला. मजूर लावून तो बाहेर काढला गेला. एका जमीनदाराने तो २३ पौंडांना विकत घेतला. पुढे लंडनमध्ये तो पाहायला लोकांची गर्दी झाली आणि १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने तो घेतला. विद्वानांनी या प्राण्याचे नाव इक्थिओसॉर ठेवले. त्याचा अर्थ माशासारखा सरडा. तो मगर नव्हता आणि मासाही नव्हता. तो समुद्रात पोहणारा, पण हवेत श्वास घेणारा सरपटणारा प्राणी होता. हा सांगाडा शोधला तेव्हा मेरीचे वय बारा-तेरा वर्षे होते.

एवढा मोठा शोध लागला, तरी घरची गरिबी हटली नाही. वर्षभर काहीच सापडले नाही, असेही होई. १८२० मध्ये भाडे भरण्यासाठी घरातील सामान विकण्याची पाळी आली. टॉमस बर्च नावाचे एक निवृत्त लष्करी अधिकारी ॲनिंग कुटुंबाकडून जीवाश्म विकत घेत असत. त्यांना ही स्थिती पाहवली नाही. ज्यांनी हे अमोल दगड शोधले तेच उपाशी राहतात, ही गोष्ट त्यांना अन्यायाची वाटली. त्यांनी आपला सगळा संग्रह लंडनमध्ये लिलावात काढला आणि त्यातून आलेले ४०० पौंड या कुटुंबाला दिले.

मेरी आता नुसते दगड गोळा करत नव्हती. तिला त्यांचे कोडे सोडवायचे होते. पुस्तके विकत घेण्यासाठी तिच्याजवळ पैसे नव्हते. म्हणून ती विद्वानांचे लेख मागून आणी आणि चित्रांसह हाताने उतरवून काढी. आजचे मासे आणि माकूल कापून ती त्यांच्या शरीराची रचना पाही. मग ती त्यांची तुलना खडकातल्या प्राण्यांशी करी. या अभ्यासामुळे हाडाचा एक तुकडा पाहून तो कोणत्या प्राण्याचा आणि शरीराच्या कोणत्या भागाचा, हे ती सांगू शके.

डिसेंबर १८२३ मध्ये मेरीला आणखी एक अद्भुत सांगाडा सापडला. तो सुमारे ९ फूट लांब होता. चार पाय वल्ह्यांसारखे, डोके अगदी लहान आणि मान मात्र खूपच लांब! आपल्या मानेत ७ मणके असतात. जिराफाच्या मानेतही ७ च असतात. या प्राण्याच्या मानेत मात्र ३५ च्या आसपास मणके होते. हा प्लेसिओसॉर होता. त्याचा इतका पूर्ण सांगाडा पूर्वी कोणीही पाहिला नव्हता.

या सांगाड्याचे चित्र पॅरिसला जॉर्ज कुव्हिए यांच्याकडे गेले. प्राण्यांच्या हाडांविषयी कुव्हिए यांचा शब्द त्या काळी अखेरचा मानला जाई. अशी मान असणे शक्य नाही, दोन वेगळ्या प्राण्यांची हाडे जोडून हा सांगाडा बनवला असावा, असा संशय त्यांनी व्यक्त केला. मुलांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. मेरीवर लबाडीचा संशय आला होता. तो खरा ठरला असता, तर तिच्याकडून कोणीही एक दगडसुद्धा विकत घेतला नसता. तिचे नाव गेले असते आणि घरची भाकरीही गेली असती. लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत या प्रश्नाची चर्चा झाली. संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता; त्यामुळे आपली बाजू मांडायला मेरी तेथे जाऊ शकत नव्हती. पण तिचा सांगाडाच तिचा साक्षीदार होता. तपासणी झाली आणि प्रत्येक मणका जागच्या जागी असल्याचे सिद्ध झाले. कुव्हिए यांनी आपली चूक मान्य केली.

फेब्रुवारी १८२४ मध्ये विल्यम कॉनिबेअर यांनी त्याच संस्थेच्या सभेत या प्लेसिओसॉरचे वर्णन वाचले. सभेत त्यांची वाहवा झाली. सांगाडा कोणी शोधला, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. त्याच सभेत विल्यम बकलंड यांनी मेगॅलोसॉरस या प्राण्याचा परिचय करून दिला. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर होय. डायनोसॉर हा शब्द मात्र पुढे १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तयार केला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुष्कळ लोक जुन्या काळातील सर्वच प्रचंड प्राण्यांना डायनोसॉर म्हणतात. ते बरोबर नाही. डायनोसॉर जमिनीवर राहत आणि त्यांचे पाय शरीराच्या खाली सरळ असत. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर समुद्रात राहत. तेही सरपटणारे प्राणीच, पण त्यांचे गट वेगळे. १८२८ मध्ये मेरीला तिसरा एक प्राणी सापडला. त्याचे पंख पातळ कातडीचे होते. हा उडणारा टेरोसॉर होता. जर्मनीबाहेर असा प्राणी प्रथमच सापडला होता. त्याच्या तोंडात दोन प्रकारचे दात होते, म्हणून पुढे त्याचे नाव डायमॉर्फोडॉन पडले. टेरोसॉरही डायनोसॉर नव्हेत. मात्र ते त्यांचे जवळचे नातेवाईक होते.

किनाऱ्यावर काही गोलसर, खडबडीत दगडही सापडत. ते काय आहेत, हे कोणाला उमगत नव्हते. मेरीने पाहिले, की हे दगड इक्थिओसॉरच्या पोटाच्या भागात मिळतात. ते फोडले, की आत माशांची हाडे आणि खवले दिसतात. म्हणजे ही त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा होती! बकलंड यांनी या विषयावर लेख लिहिला. हे प्राणी काय खात होते, हे त्यामुळे जगाला कळले.

हे काम जिवावर बेतणारे होते. जीवाश्म दिसला, की भरती येण्यापूर्वी तो काढावा लागे. नाही तर समुद्र तो घेऊन जाई. वरून दरड केव्हा कोसळेल, याचा नेम नसे. मेरीचा ट्रे नावाचा एक कुत्रा होता. तो नेहमी तिच्याबरोबर असे. १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत दरड कोसळली आणि ट्रे तिच्याखाली गाडला गेला. मेरी थोडक्यात बचावली. तिला फार दुःख झाले; पण हातोडा आणि टोपली घेऊन ती पुन्हा कड्याखाली गेली.

दूरदूरचे विद्वान तिच्या छोट्या दुकानात येत. ते तिच्याबरोबर किनारा हिंडत आणि तिला प्रश्न विचारत. परत गेल्यावर ते लेख लिहीत. परंतु त्यांत बहुधा तिचे नाव नसे. सांगाड्याबरोबर तो विकत घेणाऱ्याचे नाव लागे, शोधणारीचे नाही. मेरीला याची खंत वाटे. काही माणसे मात्र तिला विसरली नाहीत. तिचे बालपणीचे मित्र हेन्री डे ला बेश यांनी १८३० मध्ये प्राचीन समुद्राचे एक चित्र काढले. त्यात मेरीने शोधलेले प्राणी जिवंत दाखवले होते. या चित्राच्या प्रती विकून आलेले पैसे त्यांनी मेरीला दिले. पुढे तिची शिल्लक बुडाली, तेव्हा बकलंड यांनी खटपट करून तिला वर्षाला २५ पौंडांचे मानधन मिळवून दिले.

९ मार्च १८४७ रोजी कर्करोगाने मेरीचे निधन झाले. तेव्हा ती ४७ वर्षांची होती. ज्या संस्थेचे दार तिच्यासाठी कधी उघडले नाही, त्याच संस्थेत अध्यक्ष डे ला बेश यांनी तिला श्रद्धांजली वाहिली. त्या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९१९ मध्ये. २०१० साली रॉयल सोसायटीने विज्ञानाच्या इतिहासावर ठसा उमटवणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांची यादी केली. तिच्यात मेरीचे नाव आहे. २१ मे २०२२ रोजी लाइम रीजिसमध्ये मेरीचा पुतळा उभा राहिला. तिच्याबरोबर ट्रेही आहे. या पुतळ्यासाठी मोहीम सुरू केली ती एका शाळकरी मुलीने!

मुलांनो, मेरीजवळ पैसा नव्हता, पदवी नव्हती आणि मोठ्यांचा आधारही नव्हता. तिच्याजवळ होती ती बारीक नजर, चिकाटी आणि खरे तेच सांगण्याची सवय. त्यामुळेच कुव्हिए यांच्यासारख्या विद्वानाचा संशयही तिच्यासमोर टिकला नाही. एखाद्या पुस्तकात लांब मानेच्या प्लेसिओसॉरचे चित्र दिसले, तर क्षणभर थांबा. थंडीवाऱ्यात गुडघे टेकून त्याचा एकेक मणका मोकळा करणाऱ्या मेरीची आठवण करा. आणि तुम्ही कोणाकडून काही शिकलात, तर त्याचे नाव सांगायला विसरू नका.

स्वाध्याय

१. मेरीच्या वडिलांनी तिला कोणकोणत्या गोष्टी शिकवल्या?
२. जीवाश्म कसे तयार होतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. कुव्हिए यांनी सांगाड्याविषयी संशय का घेतला? तो खरा ठरला असता तर काय झाले असते?
४. इक्थिओसॉर आणि टेरोसॉर यांना डायनोसॉर का म्हणत नाहीत?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : जिवावर बेतणे, पाळी येणे, थोडक्यात बचावणे, ठसा उमटवणे.