तव्याचे चटके आणि एक गाणं

धुळ्याच्या आमच्या घरी रेडिओवर बहिणाबाई चौधरींचं संसाराचं गाणं लागलं, की आजी भाकरी थापता थापता थांबायची. आई मात्र ते आम्हा मुलींना मुद्दाम ऐकवायची. सासरी सोसायचं कसं, त्याचा धडा म्हणून! लग्नाघरीही ते याच हेतूने म्हटलं जातं. मला हे कधी पटलं नाही.

बहिणाबाई १८८० साली नागपंचमीला असोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मल्या. असोदा जळगावला अगदी लागून. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झालं आणि तिशीत वैधव्य आलं. पदरी दोन मुलगे, एक मुलगी. त्यातला ओंकार प्लेगमधून वाचला, पण कायमचा अपंग झाला. शेत, गोठा, जातं, चूल सगळं एकटीवर. अक्षरओळख नाही. काम करता करता ओवी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ जवळ असले तर टिपून ठेवत. जी टिपली गेली नाहीत, ती जात्याच्या घरघरीतच विरली.

त्या गाण्यातला तवा सगळ्यांना ठाऊक असतो. पुढचं फार थोडे ऐकतात. पुढे तोंडाशी कडू लागणारी काकडी येते, भिलावा येतो आणि शेवटी थेट सुखदुःखाचा व्यापार. उपदेश करणारी बाई असा हिशेब मांडत नाही. दोन जीवांच्या संसाराचं हे गाणं रचणारीचा जोडीदार अर्ध्या वाटेवर गेला होता, हे लग्नाच्या मांडवात कुणाच्या ध्यानात येतं?

१९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. त्यांनी आईची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने ही गाणी घरोघरी नेली. (आम्ही धुळेकर ही भाषा आपली अहिराणीच समजतो, जळगावकर लगेच सांगतात, ती लेवा गणबोली!) २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठालाही बहिणाबाईंचं नाव आहे.

माझी आजी पंचविशीत विधवा झाली होती. गाणं संपेपर्यंत तिचा हात पिठातच असायचा, तव्यावरची भाकरी करपायची आणि आई ओरडायची. आजी का थांबते, हे आम्ही कुणी तिला कधी विचारलं नाही.